कलता दिवा

एकनाथने गाडीच्या पत्र्यावर सुतळी ताणली, तिच्या मधोमध खडूची खूण केली आणि ड्रिलचं टोक त्या खुणेवर टेकवलं.

"तिथं नको," लाडकी म्हणाली.

"मग कुठं?"

"हिकडं. मागच्या चाकाच्या अंगाला."

"सुतळी लावून मध्य काडला मी. दिवा मागं सारला तर टोपी कानावर आल्यावानी दिसंल."

"दिसू द्या."

पण तोवर ड्रिल पत्र्यात घुसलं होतं. एकनाथ कामात पडला की त्याचे हात तोंडाच्या पुढे धावत. भोक आरपार गेलं, पत्र्याचा कीस त्याच्या पायावर सांडला आणि मग त्याने मान वळवून बायकोकडे पाहिलं. ती दोन्ही हातांत शेवटचा दिवा धरून उभी होती. भोक गाडीला नव्हे, तिच्या नव्या लुगड्याला पडलं असावं असा तिचा चेहरा झाला होता.

"बरं, बरं," तो म्हणाला. "लांबी भरून बुजवतो हे. दाखव तुझी जागा."

तिने बोट ठेवलं. ठेवलं आणि उचललं, डोळे मिटून पुन्हा ठेवलं. एकनाथने दुसरं भोक पाडलं आणि वरचा दिवा तिथे बसवला. दाराच्या दोन बाजूंना खाली दोन दिवे सरळ रेषेत बसले होते आणि वरचा हा तिसरा एका अंगाला कललेला. एकनाथ चार पावलं मागे गेला, बघून आला आणि त्याने सुतळी गुंडाळून ठेवली. बायकोच्या हौसेला मोजपट्टी लावू नये एवढं संसाराने त्याला शिकवलं होतं.

गाडी म्हणजे मेटाडोर. बोईसरच्या ज्या कारखान्यात एकनाथ वायरमन होता, तिथल्या कामगारांची ने-आण करून ती थकली, मग शेडच्या मागे पावसात पडून राहिली, तिच्यात मांजरी व्यायल्या, आणि अखेर साहेबांनी ती भंगार म्हणून एकनाथच्या गळ्यात घातली. त्याने तिची बाकं काढून फळ्यांचा पलंग ठोकला, स्टोव्हला कोपरा केला, पाण्याचा पिंप आवळून बांधला. लाडकीने जुन्या लुगड्याचे पडदे शिवले. लग्नाला बारा-तेरा वर्षं होत आली होती आणि घरात पाळणा काही हलला नव्हता. "पाळणा नाय हालत तर घर हालवू," असं एकनाथ एकदा बोलून गेला होता. लाडकीला त्या वेळी हसू आलं होतं आणि मागाहून रडू.

बाहेरचे दिवे तेवढे राहिले होते. ट्रकच्या कडेला असतात तसले बारके पिवळ्या काचेचे दिवे एकनाथने आणले आणि डालड्याच्या डब्याचा पत्रा कापून प्रत्येकावर एक टोपी बसवली. उजेड टोपीखालून निघून थेट जमिनीवर पडे. गाडीतून उतरणाऱ्याला पाऊल कुठे टाकावं ते दिसलं की पुरे. डोळ्यांत घुसतो त्याला तो उजेड म्हणत नसे, आगाऊपणा म्हणे. दिवसभर कारखान्यात झगझगीत दिवे लावणाऱ्या माणसाचं हे मत ऐकून शेजारचा मिश्रा हसायचा.

"क्या एकनाथभाई, बारात निकलेगी क्या?"

"बारात नहीं भाई. अपना पाँव दिखे, उतनाही उजाला."

पहिल्या दिवशी ते दिवे इतके बेताचे आणि गोड दिसले की बंद करायचं दोघांच्याही जिवावर आलं. बोलत बसले आणि तसेच झोपले. सकाळी बॅटरी उतरलेली, गाडी ढिम्म, आणि रविवार असून अर्धी चाळ तिला ढकलायला. तेव्हापासून एकनाथने बटणाला देवाची शपथ घातल्यासारखं जपलं. निजायच्या आधी तो दोनदा हात लावून बघे.

एकनाथला जे ठाऊक नव्हतं ते असं.

लाडकी शिरगावच्या रामू तांडेलाची मुलगी. तांडेल म्हणजे होडीचा कर्ता, सुकाणू ज्याच्या हातात तो. गावात विजेचे खांब यायच्या आधी किनाऱ्यावरच्या प्रत्येक होडीवाल्याच्या घरापुढे एक बांबू असायचा आणि दिवस मावळला की घरची बाई त्यावर कंदील चढवायची. प्रत्येक घराची निशाणी वेगळी. कुणाचे दोन कंदील एकाखाली एक, कुणाचे तीन ओळीत, कुणाच्या कंदिलाला तांबडी काच. दर्यातून येणारा आपलं घर ओळखायचा आणि त्या अंदाजाने होडी आत घ्यायचा. रामूच्या घराला खाली दोन आणि वर एक अशी निशाणी होती. एका वर्षी वादळाने बांबू वाकवला आणि वरचा कंदील दक्षिणेच्या अंगाला कलला. लाडकीच्या आईने नवा बांबू आणवला, तर रामूने तो पुरू दिला नाही. "त्याला हात नको लावू," तो म्हणाला. "मला दर्यातनं तो कलता दिवाच वळखू येतो." वरच्या कंदिलाची दोरी ओढायचं काम लाडकीचं असे. दोरी ओढून झाली की ती पाण्याकडे तोंड करून उभी राही, आणि होडी पुळणीच्या वाळूला लागली की बाप पहिलं तिच्याकडे बघून म्हणे, "लागला गं दिवा."

मग खांब आले. खांबांबरोबर वायर ओढणारी माणसं आली, आणि त्यांच्यात माकुणसारचा एकनाथ होता, पानवेलीच्या बागांत वाढलेला, गुडघ्याच्या वर दर्यात न गेलेला. लाडकीचं सातपाटीच्या एका तांडेलाच्या घरी ठरत आलेलं होतं. खांब उभे राहिले, तारा जोडल्या गेल्या, बटणं दाबली गेली आणि लाडकी एकनाथबरोबर निघून गेली. ज्याने गावात बत्ती आणली त्यानेच रामूच्या घरातली नेली, असं गाव बरेच दिवस म्हणत होतं. रामूने आरडाओरडा केला नाही की कुणाला धाडलं नाही. त्याने तिचं नाव घ्यायचं सोडून दिलं. पुढे आई गेली, तेही लाडकीला तेरावं झाल्यावर बोईसरच्या बाजारात कळलं, सुके बोंबील तोलता तोलता एका ओळखीच्या मासळीवालीने सांगितलं म्हणून. आईमागे त्या बांबूवर कुणी कंदील चढवला नाही. खांबाच्या उजेडात त्याची गरज तरी कुणाला होती?

लाडकीला बाप हवा होता. माफी नको होती, माहेरपण नको होतं, साडीचोळी तर नकोच. त्याने एकदा तिच्याकडे तोंड करून काहीही म्हणावं, शिवी का असेना. या एका गोष्टीसाठी ती इतकी वर्षं आतून वाळत चालली होती, आणि एकनाथसारखा भला माणूस शेजारी असताना त्याला ते कोणत्या तोंडाने सांगायचं म्हणून गप्प होती.

वरचा दिवा कलता बसवण्यात तिचा काही बेत होता का? विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती, आणि आपण खोटं बोलतोय असं तिला वाटलंही नसतं. मन मोठं लबाड असतं. मालकिणीलासुद्धा सगळं सांगत नाही.

पौषातल्या एका सुट्टीला दोघं निघाली. कुठे जायचं ते लाडकीने ठरवलं.

"शिरगावला?" एकनाथने तिच्याकडे बघितलं. "नक्की?"

"गावात नको. दक्षिणेच्या अंगाला सुरूची झाडं हायेत ना, तिथं थांबू. दर्या बघू नि येऊ."

पालघर मागे पडलं, हवेला खारा वास आला, तशी ती बोलायची थांबली. सुरूच्या बनात वाळू घट्ट होती तिथे एकनाथ गाडी लावू लागला, तर म्हणाली, "तोंड उत्तरेला करा."

"गाडी हाय की नवरी, तोंड बघून बसवायला?"

"करा हो."

त्याने केलं. दाराची बाजू पाण्याकडे आली. वरचा दिवा दक्षिणेच्या अंगाला गेला.

ऊन उतरलं. एकनाथ आत स्टोव्हला पंप मारत बसला. स्टोव्हचा आवाज नीट घुमायला लागला तशी लाडकी बाहेर आली, गाडीपाशी गेली आणि अंगठ्याने खालच्या पहिल्या दिव्याची टोपी वर मोडली. डालड्याचा पत्रा तो, बोटाच्या जोराने वाकला. मग दुसरी. तिसरीसाठी ती पायरीवर चढली आणि टाचा उंचावून तिने तीही वाकवली. आता उजेड जमिनीवर पडणार नव्हता, समोर जाणार होता. पत्र्याची कड अंगठ्याला लागून बारीकसं रक्त आलं, ते तिने पदराला पुसलं. आत येऊन तिने बटण दाबलं.

"आत्ताच? अजून उजेड हाय," एकनाथ म्हणाला.

"राहू द्या जरा."

त्याने तिच्या हातात चहाची कपबशी दिली. ती घेऊन लाडकी वाळूत जाऊन बसली आणि चहा तसाच गार होत राहिला.

पाण्यावर धुकट उतरलं होतं. भरती चढत होती आणि तिच्याबरोबर होड्या परतत होत्या, एकेक करून, उत्तरेला गावाकडे. कुणाचं मशीन जाड बोलायचं, कुणाचं खोकायचं. लाडकी ती ऐकत होती. गावातल्या खांबांचे दिवे लागले, आणि धुकटातून ते सगळे मिळून एक पांढरा डाग दिसत होते. शेवटची होडी मागे राहिली होती, सावकाश येत होती. तिचं मशीन इतरांसारखंच होतं, पण नाळ, म्हणजे पुढचं टोक, थोडी उजवीकडे झुकवून चालण्याची तिची तऱ्हा लाडकीने आंधळी असती तरी ओळखली असती. ती तऱ्हा होडीची नव्हती, सुकाणू धरणाऱ्या हाताची होती.

होडी गावाकडे वळायच्या जागी आली आणि वळली नाही.

लाडकी उठून उभी राहिली. कपबशी वाळूत कलंडली. होडीची नाळ हळूहळू फिरत होती, गावापासून दूर, सुरूच्या बनाकडे, तिच्या दिव्यांकडे, तिच्याकडे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो तिच्या दिशेला तोंड करत होता. तिला लहानपणासारखं ओरडावंसं वाटलं, बाबा, लागला दिवा.

आणि त्याच दमात तिला खडप आठवलं.

सुरूच्या समोर पाण्यात काळा कातळ पसरलेला आहे. ओहोटीला उघडा पडतो तेव्हा पोरं त्यावर कालवं फोडतात. भर भरतीला त्याच्यावरून होडी निघून जाते. पण भरती अर्धी असते तेव्हा पाणी वर, दगड खाली आणि डोळ्यांना काहीच नाही. शिरगावातलं शेंबडं पोरगं ते जाणतं. ती शिरगावची होती, तांडेलाची होती, आणि तिने खडपासमोर घरची निशाणी लावली होती.

मशीनचा आवाज जवळ आला. आणखी जरा थांबलं तर बापाचा चेहरा दिसला असता, असंही तिच्या मनात येऊन गेलं. तिने गाडीकडे धाव घेतली, दारातून हात आत घातला आणि बटण दाबलं.

दिवे गेले. सुरू, वाळू, गाडी सगळं काळोखात बुडालं. पाण्यावर मशीन अडखळलं, मंद झालं. होडी तिथल्या तिथे हेलकावत राहिली, वाट विचारायला कुणी नसलेल्या माणसासारखी. मग कुणीतरी जोरात काही ओरडलं, आवाज पुन्हा वाढला आणि हळूहळू गावाकडे निघून गेला.

"बत्ती का घालवली?" एकनाथ बाहेर येत म्हणाला. तिला बघून तो थांबला. "काय झालं गं?"

तिने सांगितलं. बांबू, कंदील, वादळ, कलता दिवा, वाकवलेल्या टोप्या, सगळं. सांगताना ती रडत होती आणि पदर तोंडावर घ्यायचंही तिला सुचलं नाही. "मी मारलं असतं त्यांना," असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. एकनाथ ऐकून घेत राहिला. त्याने हात पुढे करून गाडीचा पत्रा चाचपला आणि लांबी भरून बुजवलेल्या पहिल्या भोकावर अंगठा ठेवला.

"मग आधीच बोलायचं," तो म्हणाला. "मी पयलंच भोक तिथं पाडलं असतं."

दोघं सामान आवरू लागली. थांबण्यात आता काही अर्थ नव्हता. एवढ्यात वाळूवरून बॅटरीचा उजेड हलत हलत आला आणि थोड्या अंतरावर थांबला. मिशीवाला, अंगाने भरलेला एक माणूस होता, पँटचे पाय गुडघ्यापर्यंत भिजलेले. लाडकीने त्याला चालीवरून ओळखलं. तिचा धाकटा भाऊ देवू. ती गेली तेव्हा त्याला मिसरूड फुटत होतं.

"दिवा कुनी लावला?" देवूने विचारलं.

"मी."

"नि इझवला?"

"मीच."

देवूने बॅटरी खाली वाळूत धरली. कुणाच्या तोंडाकडे बघायचं ते त्याला कळत नव्हतं.

"बाबाच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाडलाय," तो म्हणाला. "खांबाचे दिवे त्याला समदे एकच दिसतात. मी सांगतो, वळव, तवा तो वळवतो. पर सुकानू काय सोडत नाय. आज आयकंचना. बोलला, निशानी लागली. मी बोंबलतो, बाबा, तिकडं खडप हाय, घर हिकडं राह्यलं. तर बोलला, माझं घर मला शिकवतो काय?"

"मंग?"

"मंग दिवा गेला. तवा त्याचा हात ढिला पडला. मी वळवली."

लाडकीने विचारलं, "काय बोलले?"

"वाटंला कायच नाय. उतरल्यावर बोलला..." देवू थांबला. निरोप जसाच्या तसा सांगायचा की चार शब्द गाळून, असा त्याला प्रश्न पडला असावा. मग त्याने तो जसाच्या तसा सांगितला. "बोलला, आयनं येवडं शिकवलं नि खडपासमोर दिवा लावते. मानसं मारंल. जिथला दिवा हाय तिथं लाव, सांग तिला."

"तिला, असं बोलले?"

"हां."

"नाव घेतलं?"

"नाव नाय घेतलं, बाय."

"बरं," लाडकी म्हणाली.

एकनाथने स्टोव्ह विझवला, पिंपाचं झाकण घट्ट केलं आणि गाडी सुरू केली. देवू पुढे बॅटरी दाखवत चालला.

रामू तांडेलाच्या घरापुढे मोकळी जागा होती. तिच्या कडेला तो बांबू अजून होता, वाकलेला, वर एक जुनी दोरी लोंबत असलेला. रस्त्यापलीकडे विजेचा खांब होता. एकनाथने त्याच्याकडे मान वर करून बघितलं. तो त्याच्याच हातचा, आणि त्याची बत्ती कधीपासून गेलेली होती. घराचं दार उघडं होतं. आतून बाईच्या बांगड्या वाजल्या, देवूची बायको शकू चुलीपाशी असावी. ओट्यावर काळोखात कुणीतरी बसलं होतं. खोकला ऐकू आला आणि थांबला.

एकनाथने गाडी बांबूच्या शेजारी लावली. या खेपेला लाडकीने काही सांगितलं नाही, त्यानेच तोंड उत्तरेला केलं.

लाडकी खाली उतरली. पाण्यावर आता एकही होडी नव्हती, वाट दाखवावी असं बाहेर कुणी उरलं नव्हतं. तिने वाकवलेल्या टोप्या एकेक करून खाली दाबल्या, पहिली, दुसरी, आणि पायरीवर चढून तिसरी. मग आत हात घालून बटण दाबलं. पिवळा उजेड अंगणात पडला, जाळ्याच्या ढिगावरून सरकला आणि ओट्याच्या पायरीपाशी जाऊन संपला. तिथे दोन पाय होते. खारवलेले, टाचांना भेगा पडलेले, अंगठे बाहेरच्या बाजूला वळलेले. पायांच्या वरचं काही दिसत नव्हतं.

ती गाडीच्या पायरीवर बसली आणि त्या पायांकडे बघत राहिली. ते पाय आत गेले नाहीत. शकूने दारातून डोकावून पाहिलं, सासऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा आत जाऊन आणखी पीठ मळायला घेतलं. परातीवर हात आपटल्याचा आवाज बाहेर येत होता.

बराच वेळ गेला. देवू होडीकडे जाऊन जाळी झाकून आला. एकनाथ चुळबुळ करू लागला. शेवटी तो उठून दारापाशी गेला आणि त्याने बटणावर हात ठेवला.

"घालवतो आता," तो लाडकीला हळूच म्हणाला. "बॅटरी उतरंल. सकाळी गाडी चालू नाय व्हायाची."

लाडकीने मान हलवली. त्याचं खरंच होतं.

ओट्यावरचे पाय उजेडात किंचित पुढे सरकले.

"नाय झाली तर नाय झाली," वरून आवाज आला.

एकनाथने बटणावरचा हात काढून घेतला.